वरच्या आळीचा तिसरा मजला

रोझमारी इंडरबित्झिन आमच्या सरोवराकाठच्या गावात टपाल वाटायच्या. बोलायला तिखट, पण कुणाच्या घरी आजारपण असलं की टपालासोबत सूपही पोचायचं. वरच्या आळीत त्यांचं घर. सरोवर सगळ्यांना दिसत राहावं म्हणून त्या आळीत दोन मजल्यांपेक्षा उंच बांधायला मनाई होती. त्यामुळे नवी खोली बांधता येईना, आणि गावात भाड्यानंही मिळेना. त्यांची मुलगी प्रिस्का गावाची सुईण, आणि तीच घाटापलीकडे राहायची.

एका हिवाळ्यात बर्फानं घाट बंद झाला आणि बेकरीवाल्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मुलीला फोनवर विचारत विचारत रोझमारीबाईंनीच बाळंतपण केलं. सगळं सुखरूप झालं, पण त्याच रात्री त्यांनी ठरवलं, घरावर तिसरा मजला चढवायचा आणि प्रिस्काला इथं आणायचं.

ग्रामसभेत त्यांनी नियम बदलायची मागणी केली. त्यांच्या घरामागं, चढावर राहणारे अलोइस बेटशार्ट उठले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हा विधुर माणूस एरवी फारसा बोलत नसे.

"रोझमारी, आज तुझं घर वाढेल, उद्या सगळी आळी. मग मी काय तुझ्या भिंतीकडे बघत कॉफी पिऊ?"

सभा हसली. बाईंच्या बाजूनं इतके थोडे हात वर आले की मोजायचीही गरज पडली नाही.

दुसरं कुणी असतं तर बेटशार्टांशी बोलणं टाकलं असतं. बाईंनी सुतार बोलावले आणि नवं घर किती उंच होईल ते दाखवणारे खांब छपरावर उभे केले. आमच्याकडे बांधकामाआधी असे खांब लावतातच, पण परवानगीची आशा नसताना लावणाऱ्या त्या पहिल्याच. मग सफरचंदाचा केक घेऊन त्या बेटशार्टांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

"अलोइस, तुझ्या खुर्चीत बस आणि खरं सांग. काय झाकलं जातंय?"

ते खुर्चीत बसून खांबांपलीकडे बघू लागले. डोंगर दिसत होता, चर्च दिसत होतं.

"बोट लागते तो धक्का," ते म्हणाले. संध्याकाळची बोट ते आणि त्यांची बायको रोज मिळून बघायचे. हे त्यांनी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाईंनी वाद घातला नाही. खिडकी उघडून सुतारांना ओरडून सांगितलं, "खाली घ्या!" खांब उतरू लागले. बेटशार्ट हातानं खुणावत होते, आणखी, आणखी.

"बास. दिसला धक्का."

"मग उतरतं छप्पर नको. सपाट केलं की एवढ्यात तीन मजले बसतात."

"बसू देत. वर टीव्हीची तबकडी मात्र लावू नकोस."

"आणि तू रविवारी ऑर्गन जरा कमी रडव."

वसंतातल्या सभेत बाईंनी नवी मागणी मांडली: वरच्या आळीत तीन मजले चालावेत, पण छप्पर सपाट आणि उंची त्या खांबांएवढीच. कुजबूज सुरू झाली. बेटशार्ट उठले तशा बाई सावरून बसल्या.

"मी माझ्या खिडकीतून पाहिलंय. या उंचीला माझी हरकत नाही," असं म्हणून त्यांनी सर्वांत आधी हात वर केला.

त्यामागोमाग बेकरीवाल्याचं अख्खं कुटुंब, मग रांगच्या रांग. विरोधात बोटांवर मोजण्याइतके. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. भांडायला कुणी उरलंच नाही म्हणून क्षणभर भांबावल्या, मग खदखदून हसल्या.

पुढच्या शरदात घर पुरं झालं. आळीतल्या आणखी दोन घरांवर काम सुरू झालं होतं. प्रिस्काचं सामान लागलं त्या दुपारी सगळी आळी नव्या गच्चीवर जमली, सॉसेज भाजली, वाइन उघडली. रोझमारीबाई या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरल्या.

"गावातलं दार न् दार मला पाठ आहे," त्या म्हणाल्या, "छपरं मात्र आज बघतेय."

आणि त्यांनी सगळ्यांचे पेले पुन्हा भरले.