उन्हातली ताई

चिमण्या हे नाव ताईने ठेवलं तेव्हा तो खरोखरच चिमणीएवढा होता. पुढे देह ऐसपैस झाला, पोट शर्टाच्या बटणांशी भांडू लागलं, केस मागे हटले, तरी नाव काही सुटलं नाही. नाटकगृहाच्या वाद्यवृंदात त्याने तेवीस वर्षं व्हायोलिन वाजवलं, तिथेही तो चिमण्याच होता. मग व्हायोलिन कपाटावर टाकून हा बाबा तैलरंगांच्या मागे लागला, तर चित्रकलेचे मास्तरही पहिल्याच आठवड्यात चिमण्या म्हणू लागले.

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने पोटापाण्याचा धंदा सोडला की लोक कारण विचारतात. तो सांगायचा, कंटाळा आला. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे ताईचं एक वाक्य होतं.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. दिवसभर कापडगिरणीत मागावर उभी राहायची आणि घरी आली की याचं वाजवणं ऐकत भाजी चिरायची. गिरणीतल्या खडखडाटात शेजारणीचं बोलणंही कानावर पडायचं नाही, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचायला शिकलेल्या. चार माग पलीकडच्या मैत्रिणीशीही त्यांच्या गप्पा रंगायच्या. लहानग्या चिमण्याला याची भारी गंमत वाटे. तो खिडकीच्या काचेबाहेर उभा राहून आवाज न काढता शिव्या द्यायचा, आणि ताई आतून झाडू उगारायची.

नऊ वर्षांपूर्वी त्याला एकट्याने वाजवायची संधी मिळाली. आयुष्यभर इतरांच्या घोळक्यात बसून वाजवलेला माणूस, रंगमंचावर एकटा उभा राहिला आणि गर्भगळीत झाला. सुरुवात कशीबशी निभावली. मध्यावर सूर घसरले आणि ते काही जागेवर आले नाहीत. लोक खोकू लागले, खुर्च्या वाजू लागल्या. संपल्यावर सोबत्यांनी पाठ थोपटली, होतं असं एखाद्या दिवशी, म्हणाले. पहिल्या रांगेतून ताई उठून आली, त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "इतकं छान तू आजवर कधी वाजवलं नव्हतंस."

हे वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं. आधी त्याला तो टोमणा वाटला. मग वाटलं, टोमणा नसेल, आणि हे जास्तच वाईट होतं. जिच्यासाठी आपण वाजवत आलो तिला सूर कुठला आणि बेसूर कुठला याचं सोयरसुतकच नाही, असा त्याने अर्थ काढला. सहा महिन्यांत त्याने व्हायोलिन सोडलं. ताईकडे जाणं महिन्यातून एकदा, तेही उभ्याउभ्या. बायको कुरकुरायची की तुमच्या ताई फोन उचलत नाहीत. ताईचं उत्तर ठरलेलं असायचं, मला फोनवर बोलणं जमत नाही, यायचं तर घरी या. चिमण्याला त्यातही तोराच दिसला.

या वर्षी मास्तरांनी वर्गाला काम दिलं, उन्हात बसलेलं माणूस, समोर बसवून रंगवायचं. फोटोवरून केलं तर चित्र परत देईन, असा दम भरला. चिमण्याची बायको दहा मिनिटं बसली आणि मला दुसरी कामं आहेत म्हणून उठून गेली. तासभर न हलता, एका पैशाची अपेक्षा न ठेवता बसेल असं माणूस त्याच्या ओळखीत एकच होतं. नऊ वर्षं जिच्याकडे नीट पाहिलं नाही तिच्या दारात हे महाशय कॅनव्हासची घोडी आणि रंगपेटी घेऊन उभे राहिले. तिने का, कशाला, काही विचारलं नाही. कपडे कुठले घालू, एवढंच विचारलं.

तिच्या खोलीला पूर्वेची खिडकी होती. नऊ ते दहा ऊन खुर्चीवर असायचं, मग भिंतीवर सरकायचं. रोज तेवढाच तास मिळायचा. पांढरे केस कडेने पेटल्यासारखे दिसत, आणि उजव्या कानातून ऊन आरपार जाऊन कान लालबुंद होई. तो लाल रंग साधायला चिमण्याचे तीन दिवस गेले. मधूनच तो कॅनव्हासच्या आड खाली वाकून रंग कालवायचा आणि काहीबाही बोलत राहायचा. समोर असला की ताई पटापट उत्तरं द्यायची, पण तो आड असला की गप्प बसायची. आली लहर बाईसाहेबांना, असं तो मनात म्हणायचा.

बाराव्या दिवशी चित्र मास्तरांना दाखवलं. मास्तर सहसा कौतुक करत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. असा कान मला जन्मात जमला नाही, म्हणाले. मग डोळ्यांवर बोट ठेवलं.

"इथे चुकलास. ती तुझ्याकडे बघत नाहीये, तुझ्या हनुवटीकडे बघतेय. नजर वर घे."

चिमण्याने सुरीने डोळे खरवडून काढले. दुसऱ्या दिवशी ब्रशचा दांडा डोळ्यांसमोर धरून माप घेतलं, पुन्हा घेतलं. नजर खालीच येत होती. चूक हाताची नव्हती. ताई खरोखरच त्याच्या डोळ्यांत बघत नव्हती, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्याला काचेबाहेरून दिलेल्या मुक्या शिव्या आठवल्या. तरी खात्री करून घ्यायची म्हणून जे केलं, त्याची त्याला पुढे कायम लाज वाटली. साधं काहीतरी बोलता आलं असतं. पण तो कॅनव्हासच्या आड वाकला आणि नऊ वर्षं गिळून धरलेलं वाक्य स्पष्ट, मोठ्याने म्हणाला, "ताई, तुझ्यामुळे मी व्हायोलिन सोडलं."

मग हळूच डोकावून पाहिलं. ताई उन्हात हात मांडीवर ठेवून बसली होती, त्याची वाट बघत, जराशी हसत.

ब्रश खाली ठेवून तो तिच्यासमोर जाऊन बसला. तुला ऐकू येत नाही का, असं त्याने विचारलं. ती क्षणभर चोरी पकडल्यासारखी बावरली. मग म्हणाली की गिरणीने थोडे थोडे करत कान नेले. खूप मोठा आवाज झाला तर कळतो, बाकी काही नाही. आणि त्याच्या त्या कार्यक्रमाच्या कितीतरी आधीपासून हे असंच होतं.

"मग छान वाजवलंस, असं कशावरून म्हणालीस?"

"तू लहानपणी छान वाजवायला लागलास की डोळे मिटायचास. त्या दिवशी अर्धा वेळ मिटलेले होते."

ते त्याने शरमेने मिटले होते. समोरच्या लोकांकडे बघवत नव्हतं म्हणून.

मला सांगितलं का नाहीस, हे त्याला नीट विचारताही येईना. ताईला ते ओठांवरून कळलं असावं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू वाजवणं टाकलं असतंस, मी गिरणीत तुझ्या वाजवण्यासाठीच उभी राहिले ते तुला ठाऊक होतं. हे ती इतक्या सहजपणे म्हणाली की त्याला मान वर करवेना. कान हीच ज्याची कमाई, त्या माणसाला बहिणीचे कान गेलेले कळले नाहीत, आणि वर तो तिच्यावरच रुसून बसला होता.

ताईने त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"पण तू तरी का सोडलंस रे? मला आपलं वाटत राहतं, त्या दिवशी मी काहीतरी चुकीचं बोलले. तुझा चेहरा एकदम पडला होता. इतकी वर्षं विचारायचा धीर झाला नाही."

चिमण्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. "नाही गं," तो म्हणाला, "मला कंटाळाच आला होता."

मागे काहीच हालचाल झाली नाही. वळून पाहिलं तर ती पुढे झुकून तशीच थांबली होती. उत्तर तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"इकडे बघून सांग," ताई म्हणाली.

मग त्याला उन्हात, तिच्या समोर, एकेक अक्षर ओठांवर नीट उमटवत तेच खोटं पुन्हा सांगावं लागलं. ताईने ते शेवटपर्यंत वाचलं.

"माझी शपथ?"

"तुझी शपथ," तो म्हणाला, तिला दिसेल असं.