भाताच्या खुणेवर मोजलेला गहू

पोत्यात हात घालून धान्य पारखणारी माणसं मला अडाणी वाटायची. माझे वडील त्यातलेच. परभणीकडे आमच्या घरी गव्हाचा दाणा दाढेखाली धरायचे; कट्कन फुटला की वाळला. नोकरीने मला लखनौला आणलं, हातात ओलावा मोजायचं यंत्र दिलं, आणि मी स्वतःला फार शहाणा समजू लागलो.

त्या उन्हाळ्यात सरोजिनी नगरच्या पुढे एका सरकारी खरेदी केंद्रावर तपासणीला होतो. इथे घेतला तर गहू हमीभावाने जातो, परत पाठवला तर व्यापारी म्हणेल त्या भावाने. हंगामातली पहिलीच ट्रॉली साठीतल्या एका शेतकऱ्याची होती. मी पोत्यात परखी, म्हणजे ती टोकदार पोकळ सळई, खुपसून दाणे काढले आणि यंत्रात टाकले. आकडा मर्यादेच्या बराच वर.

"गीला है, बाबा. सुखाकर लाइए."

"साहब, दाँत से काटकर देखिए. एकदम कड़क है."

मी दाणा चावला. कट्कन वाजला. वडिलांनी डोळे मिटून घेतला असता. पण केंद्रावरचे दोन नवे कर्मचारी बघत होते, आणि जरा वेळापूर्वीच मी त्यांना 'दाँत नहीं, मशीन' असं लेक्चर झोडलं होतं. म्हणालो, "मशीन झूठ नहीं बोलती." तो चिडला, आवाज चढवून भांडला, शेवटी ट्रॉली वळवून गेला.

दुसऱ्या ट्रॉलीचा गहूही ओलाच निघाला तेव्हा मला शंका आली. यंत्रावर धान्य निवडायची एक खूण असते. मागच्या हंगामात भाताची खरेदी झाली होती, तेव्हापासून ती भातावरच राहिली होती. ती बदलायचं काम माझं. खूण गव्हावर आणून पहिल्या ट्रॉलीचा नमुना पुन्हा टाकला. खणखणीत वाळलेला.

रजिस्टरात त्याचा मोबाईल नंबर होता. ट्रॉली अजून कानपूर रोडलाही लागली नसेल, एक फोन पुरला असता. पण त्या दोघांसमोर चूक कोण कबूल करणार? मी मूग गिळून बसलो.

संध्याकाळी अलीगंजला घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ता कर की फोन. त्यात काय एवढं?"

"उद्या करतो," म्हणालो. केला नाही. जनाची लाज एवढी होती, की मनाची उरलीच नाही.

तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. आठवड्याने तो शेतकरी परत आला तो अर्धीच ट्रॉली घेऊन. मी सुकवायला सांगितलेला गहू त्याने अंगणात पसरला होता, आणि घरचे सगळे शेतात असताना तो भिजला. निम्म्याला कोंब फुटले, तेवढा जनावरांपुढे गेला. उरलेला मी पास केला.

पावती घेऊन त्याने हात जोडले. "आप ही सही थे, साहब. नमी रही होगी, तभी तो इतनी जल्दी बिगड़ गया. उस दिन आपसे बहस कर बैठा, माफ़ कर दीजिए."

ते दोघे कर्मचारी ऐकत होते. मी मान डोलावली आणि म्हणालो, "कोई बात नहीं, बाबा. माफ़ किया."