मनगटावरची निळी पट्टी

सातपाटीहून पालघरला आमच्या दारी मासे विकायला येणारी बाई भाव कधीच आधी सांगत नाही. टोपली उतरवून ती आधी घरच्यांची चौकशी करते. मासेमारी बंदीच्या दिवसांत टोपलीत सुके बोंबील असतात.

यंदा बंदीत त्यांची बोट किनाऱ्यावर होती, तेव्हा तिच्या मुलाने सगळ्या घराला वॉटर पार्कला नेले. माणशी तिकीट तिच्या आठवड्याच्या कमाईइतके होते. फाटकावर प्रत्येकाच्या मनगटाला निळी कागदी पट्टी बांधली गेली. मग बाहेरचे खाणे आत चालत नाही म्हणून पहारेकऱ्याने तिचा भाकरी-बोंबलाचा डबा अडवला.

"आये, फेक तो डबा. आत जेवू," मुलगा म्हणाला.

तिने सगळ्यांना आत पाठवले आणि स्वतः दिवसभर बाहेर, गाड्या उभ्या होत्या तिथे बसली.

हे तिनेच बोंबील मोजता मोजता सांगितले.

"मग तुमचं तिकीट वाया गेलं की," मी म्हणालो.

"रांदलेला जेवान फेकू कसा, भाऊ? ड्रायवर लोकांनी डबा पुसून खाल्ला. पोरगा मात्र त्या दिसापासून माज्याशी बोलत नाय."

आठवडा झाला होता. ती कागदी पट्टी अजून तिच्या मनगटावर होती. बाहेर पाऊस होता. निघताना तिने एका हाताने टोपली डोक्यावर धरली आणि पट्टीचा हात पदराखाली घेतला.