मागू द्या त्यांना

मदत करणाऱ्या माणसाचा थेरपीच्या मॅडमना भयंकर राग. एका संस्थेकडून आमच्या घरी आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा पेला हिसकावून घेतला. मी तो सासऱ्यांच्या, आप्पांच्या, ओठांना लावत होते. “ताई, मागू द्या त्यांना,” त्या कडाडल्या. सुनेनं सासऱ्याला पाणी पाजलं यात काय चुकलं, मला कळेना. मनातून मी पेटलेच होते.

आप्पांना लकवा मारून सात वर्षं झाली होती. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. हाताचे व्यायाम दौंडला, बोलण्याचे शिरूरला. जणू आप्पा एक नव्हते, दोन पेशंट होते. सहा महिन्यांनी दोन्हीकडच्यांनी ‘आता आलं तेवढंच’ म्हणून सांगून टाकलं आणि आम्ही निमूट मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आजही संताप येतो.

हात वेगळा, बोलणं वेगळं, असले वाटे मॅडमना मंजूर नव्हते. खुटबावच्या आमच्या ओसरीवर त्या टेबल मांडायच्या, पेला दोन वीत लांब ठेवायच्या. उजवा हात टॉवेलवरून पुढं सरकवता सरकवताच आप्पांनी ‘पाणी’ म्हणायचं. हात अडला किंवा शब्द अडला, की पुन्हा पहिल्यापासून. “एका बैलानं औत चालतं व्हय?” असं वर विचारायच्या. महिनाभरात ‘पा’ आला, पुढचं काही येईना.

एकदा चुलत सासरे, तात्या, हे पाहून भडकले. “म्हाताऱ्या माणसाचे हाल करताय व्हय?”

मॅडमनी मागं वळूनही पाहिलं नाही. “हाल तुम्ही केलेत, तात्या. सात वर्षं त्यांचं बोलणं तुम्हीच बोलताय.”

मी मान खाली घातली, कारण त्यात मीही होते. आदराच्या नावाखाली आम्हीच आप्पांना मुकं करून ठेवलं होतं.

तात्यांनी मॅडमच्या संस्थेकडं तक्रार केली. मॅडमचं येणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तात्या चहाला येऊन बसले. “ब्याद गेली. सुटलात बघा, आप्पा.”

आप्पांचा उजवा हात मांडीवरून उठला, हवेत थरथरला आणि शब्द फुटला, “गप!”

मी रडतच मॅडमना फोन लावला, सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

“हात कुठवर गेला?”

“खांद्यापर्यंत.”

“मग रडताय काय? तात्यांना रोज चहाला बोलवा.”