टक्केवारीबाई आणि जुना वॉर्ड

मेडिकल कॉलेजात तिला सगळे टक्केवारीबाई म्हणत. संख्याशास्त्र शिकवायची म्हणून. शिंप्याची मुलगी, गणितात पहिली आली, इथं नोकरी लागली आणि डॉक्टरांच्या घोळक्यात एकटी पडली. तिच्या तासाला मागचे बाक पेंगत आणि पुढचे रिकामे असत. "आम्हाला पेशंट तपासायचेत, बेरजा नाही करायच्या," असं एकानं तोंडावर सुनावलंही होतं. ती हसली होती, पण घरी जाऊन जेवली नव्हती.

एका सकाळी जुन्या वॉर्डाची मोठी सिस्टर तिच्या खोलीत आली आणि खुर्चीवर बसून रडायलाच लागली. न्यूमोनियाचे पेशंट दोन वॉर्डांत ठेवत, जुन्या आणि नव्या. वर्षाचा हिशेब लागला तेव्हा नव्या वॉर्डात शंभरातले पाच दगावले होते, जुन्यात बारा. अधीक्षकांनी जुना वॉर्ड बंद करायचं ठरवलं होतं.

"बाई, माझ्या पोरींनी जिवाचं रान केलं हो. आणि आता लोक आम्हाला यमाचा वॉर्ड म्हणतात."

"तुमच्याकडे कसले पेशंट येतात?"

"ऑक्सिजनची सोय आमच्याकडे चांगली. त्यामुळं धापा टाकत आलेला बहुतेक आमच्याकडे, आणि चालत आलेला तिकडे."

टक्केवारीबाई ताडकन उठली.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अधीक्षकांशी वाकडं घेतेस? हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस."

"आई, चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय. गप्प कशी बसू?"

सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. "मग पोटभर जेव. भांडायला ताकद लागते."

दुसऱ्या दिवशी तिनं फळा पुसला आणि वर्गाला सगळी हकिकत सांगितली. पेंगणारे सावरून बसले. वर्षभराचे सगळे केसपेपर वर्गात आणले. पेशंट दाखल झाला तेव्हा त्याचा श्वास, रक्तदाब, शुद्ध कशी होती, एवढंच बघून आजार गंभीर की हलका ते ठरवायचं होतं. वॉर्डाचं नाव आणि शेवटी काय झालं, यावर तिनं कागद चिकटवले.

"झाकायचं कशाला, मॅडम?" बेरजांवरून तिला सुनावणाऱ्यानंच विचारलं.

"मेलेला माणूस गंभीरच असणार, असं आपलं मन आधीच ठरवतं. मनाला फितूर व्हायची संधीच द्यायची नाही."

प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा बघितला. जिथं दोघांचं जुळलं नाही, तिथं तिसऱ्यानं, तेही चिकटवलेले कागद न उचलता, निवाडा केला. सगळं ठरल्यावरच कागद काढले आणि मोजणी सुरू झाली. मग बेरजांवरून सुनावणारा तोच मुलगा ओरडला, "मॅडम, उलटंच आहे!"

बैठकीत तिनं अधीक्षकांसमोर फळ्यावर मांडलं. जुन्या वॉर्डात निम्म्याहून जास्त पेशंट गंभीर होते. नव्यात आठातला एक. गंभीर पेशंटांपैकी नव्या वॉर्डात शंभरातले तीस गेले, जुन्यात वीसच. हलक्या आजारात दोन्हीकडे शंभरामागे एखादाच, आणि तेही प्रमाण जुन्यात जरा कमी.

"म्हणजे दोन्ही गटांत जुना वॉर्ड सरस, आणि एकत्र केलं की तोच वाईट दिसतो?" अधीक्षक चक्रावले. "हे कसं?"

"कारण अवघड पेशंट जास्त करून त्याच्याच वाट्याला आलेत, सर. आपण वॉर्डांची तुलना केलीच नाही, पेशंटांची केली."

"योगायोग असेल."

"मलाही ती शंका होती. म्हणून मागच्या दोन वर्षांचे पेपरही असेच झाकून बघितले. दरवर्षी हेच निघतं."

अधीक्षक उठून फळ्याजवळ गेले. आकडे स्वतः पुन्हा मोजले. मग वळले आणि म्हणाले, "जुना वॉर्ड चालू राहील. पण बाई, तुमचं काम अजून संपलं नाही. तिथं नेमकं काय वेगळं करतात, ते शोधा."

दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या वर्गानं टाळ्यांचा असा कडकडाट केला की आतल्यांना दार उघडावंच लागलं. मोठ्या सिस्टरनं टक्केवारीबाईला सगळ्यांदेखत मिठी मारली.

शोधल्यावर दिसलं, की जुन्या वॉर्डातल्या नर्सेस गंभीर पेशंटाचा श्वास फार थोड्या-थोड्या वेळानं मोजत आणि बिघाड दिसला की डॉक्टरांना लगेच गाठत. तेवढ्यानंच फरक पडतो असं छातीठोक म्हणायला टक्केवारीबाई तयार नव्हती. "करून बघू, मग मोजू," ती म्हणाली. नव्या वॉर्डातल्या नर्सेस पाळीपाळीनं मोठ्या सिस्टरकडे शिकायला येऊ लागल्या. पुढच्या वर्षी पुन्हा कागद चिकटवून मोजलं, तर नव्या वॉर्डातही गंभीर पेशंटांचे मृत्यू शंभरामागे तिसावरून बाविसावर आले होते.

तो आकडा टक्केवारीबाईनं वर्गात वाचून दाखवला आणि फळ्यावर तिसातून बावीस वजा केले. "ही वजाबाकी आहे ना," ती म्हणाली, "ही माणसं आज आपापल्या घरी आहेत."