एकच जागा होती

"यांच्या हातचं आपण कसं खाणार हो?" डॉक्टर मला मराठीत म्हणाले. रश्श्याची कागदी वाटी त्यांनी पायानं बाकाखाली सरकवली.

त्या जिममध्ये मराठी आम्ही दोघंच. बाकीच्यांना वाटलं, जेवणाचं कौतुक चाललंय. आमची अध्यक्ष लिंडा हसली.

ही गेल्या महिन्यातली, ऑक्टोबर २०१७ ची गोष्ट. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या लहान विद्यापीठांची एक बास्केटबॉल कॉन्फरन्स, म्हणजे लीग, आहे. तिच्या हॅलिफॅक्सच्या ऑफिसात मी नोकरी करतो. सामन्यांची वेळापत्रकं, बस, हॉटेलं. यंदा कॉन्फरन्समध्ये एक विद्यापीठ नवीन घ्यायचं होतं. अर्ज दोन. एकाकडे पैसा आणि काचेची नवी जिम. दुसरं हे, खाणी बंद पडलेल्या गावातलं, जिथं आम्ही पाहणीला आलो होतो. मुलींच्या संघात निम्म्या पोरी जवळच्या फर्स्ट नेशन्स, म्हणजे इथल्या मूळनिवाशांच्या, वस्तीतल्या. कोचही तिथलीच. जेवण तिच्या आईनं रांधलं होतं. मूस या सांबरासारख्या जनावराच्या मांसाचा रस्सा, जाड भाकरीसारखा पाव. म्हातारी स्वतः वाढत होती.

डॉक्टर निवृत्त हार्ट सर्जन. नवं विद्यापीठ निवडणाऱ्या कमिटीत त्यांना मत, मला नाही.

"आणि उद्या आत घेतलं की यांना सगळीकडे कोटा लागणार," ते म्हणाले. "आपण तिकडे भोगलंय ना. जावयासारखे लाड."

मी म्हणालो, "हो ना."

हसलोसुद्धा.

माझे दोन-तीन घास खाऊन झाले होते. रस्सा चांगला होता. तरी मी माझी वाटी खाली ठेवली. समोर कोच उभी होती. तिनं पाहिलं.

डॉक्टरांचं 'आपण' कुठून आलं ते सांगतो. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. मी हॅलिफॅक्सला आलो त्या वर्षी डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये गणपती होता. "कोकणातले का?" त्यांनी विचारलं. "नाही, लातूरकडचा." "म्हणजे देशस्थ," ते म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले. मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. मोदक घेतला. तेव्हापासून मी त्यांच्या 'आपण'मध्ये.

मी महाराचा. शाळेच्या सहलीला सगळे डबे मध्ये ठेवायचे आणि वाटून खायचे. माझा डबा मध्ये ठेवला की हात दुसरीकडून फिरायचे. घरी येताना मी भाकरी ओढ्यात टाकायचो. आईला सांगायचो, संपली.

आणि त्या जिममध्ये मी वाटी खाली ठेवली. परत येताना मला काही वाटलं नाही. खरंच नाही. व्हॅनची काच पुसली. लिंडाला हॉटेलची बिलं दिली. घरी जाऊन झोपलो.

नंतर मतदानाची बैठक झाली. लिंडा म्हणाली, दोन्ही अर्ज चांगले आहेत, पण प्रश्न फिटचा आहे, आपल्यात कोण बसतं त्याचा. फिट म्हणजे नेमकं काय, कुणी विचारलं नाही. मग डॉक्टर बोलले, इंग्रजीत, सावकाश. "भारतात आम्ही राखीव जागांचा प्रयोग पाहिला. तयारी नसलेल्यांना आत घेतलं. दर्जा गेला. माझं नका ऐकू, यांना विचारा." माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सांगा की हो यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

राग आला नव्हता. कुणीतरी दुसराच बोलतोय तसा माझा आवाज मला ऐकू आला.

मी म्हणालो, "मी त्याच जागेवर कॉलेजात गेलो. डॉक्टर म्हणतात ती माणसं म्हणजे मी."

डॉक्टर हळूच म्हणाले, "अहो, पण तुमचं आडनाव..."

"गावाचं आहे, डॉक्टर. आम्ही गावाबाहेर राहायचो."

मग जिममध्ये ते जे बोलले होते, ते मी इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. माझं 'हो ना' पण सांगितलं. माझं हसणं पण.

कुणी खुर्ची हलवली. कुणी पाणी प्यायलं. लिंडा म्हणाली, "थँक यू. आपण अजेंड्यावर राहू या." मतदान झालं. काचेच्या जिमला जागा मिळाली.

ज्यांना नाही म्हणायचं, त्यांना फोन करणं हे आमच्याकडे माझं काम. लिंडानं वाक्यही दिलं, "यंदा सुविधा कमी पडल्या."

मी म्हणालो, "जे झालं तेच मी सांगणार."

"बैठकीतलं बाहेर सांगितलंस तर नोकरीचं मी काही करू शकणार नाही."

"बरं," मी म्हणालो. आणि फोन लावला.

कोचनं सगळं ऐकून घेतलं. मी सॉरी म्हणालो. मग ती म्हणाली, "आम्ही अपील करणार. तिथं हे सगळ्यांसमोर बोलशील? स्वतःच्या नावानं?"

"बोलेन."

"बघू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बायको म्हणते, जरा दमानं घ्या, घराचे हप्ते आहेत. बरोबर आहे तिचं. डॉक्टरांकडून फोन आला नाही. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलंय. काल मुलीला बसवून सगळं सांगितलं, जातीपासून. ती इथंच जन्मली. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नव्हतं. तिनं ऐकलं आणि एकच विचारलं, "बट व्हाय डिड यू लाफ, बाबा?"

भ्यालो म्हणून. दुसरं उत्तर नाही. तिला तेच दिलं. ती उठून गेली.

सोमवारी अपीलची सुनावणी आहे. मी तिथं जाणार. आधी माझी जात सांगणार, मग डॉक्टरांचे शब्द, मग माझे. संघाला जागा मिळेल असं मला वाटत नाही. माझी नोकरी राहील असंही वाटत नाही. तरी बोलणार. आणि यापुढं कुणी मला त्यांच्यातला समजून हसायला लागलं, तर मी त्याचं हसणं पुरं होऊ देणार नाही.