चार हजारांचं कलम

आमच्या अंगणातला आंबा आंबट आहे, हे मी कधीच नाकारलेलं नाही. त्याची फोड तोंडात टाकली की माणसाचा एक डोळा आपोआप मिटतो. कोय मी माहेरून, मानवतहून आणली होती, म्हणून आंबटपणाचा ठपकाही माहेरावरच बसला. पण लोणचं असं होतं की बरणी शेजारीपाजारी फिरून रिकामीच घरी येते.

आमच्या ह्यांना लोणचं चालायचं, झाड नको होतं. फांद्या पार स्लॅबवर आलेल्या, पानं पाण्याच्या टाकीत पडायची. सुट्टीच्या दिवशी हे टाकीत उतरायचे आणि पानं काढता काढता आतूनच बोलायचे. टाकीत आवाज घुमतो. "ठेवत नसतो मी हे झाड," असं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आणि एका रविवारी खरंच त्यांनी झाडं कापणाऱ्या चाचांना बोलावून आणलं. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर धावले. भाकरीचा कोळसा झाला, होऊ दे. त्या झाडावर माझा जीव आहे.

चाचांनी झाडाभोवती चक्कर मारली, वर बघितलं, खाली बघितलं, आमच्या घराकडेही बघून घेतलं. घराच्या रंगावरून भाव ठरतो असा माझा जुना संशय आहे.

"पूरा काटना है तो दो हजार, लकडी मेरी," चाचा म्हणाले. "नई तो कलम कर देतूं. चार हजार."

म्हणजे झाड मारायला दोन हजार आणि जिवंत ठेवायला चार. आणि आमचे हे तर स्वस्ताकडे झुकणारे गृहस्थ आहेत. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ते भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालतात.

पण ह्यांचा चेहरा उजळला. "कलम?" ते म्हणाले.

गंमत अशी की चाचांच्या बोलीत कलम करणं म्हणजे फांद्या छाटणं. आमच्या ह्यांच्या मराठीत कलम म्हणजे केशर आंब्याचं कलम. मी तसल्याच बोलीच्या शेजारात वाढलेली, मला शब्द तिथल्या तिथे कळला. ह्यांचं सगळं आयुष्य कचेरीतल्या फायलींत गेलेलं. झाडाशी त्यांचा संबंध टाकीपुरता.

"इतक्या जुन्या झाडावर जमतं का, चाचा?"

"पुरानेपेच अच्छा जमता."

"अन् आंबे?"

"दो साल रुको. लदके आएंगे."

"गोड?"

चाचा जरा गोंधळले. "वो झाड की मर्जी, साब."

"बरोबर हाय," हे समजूतदारपणे म्हणाले आणि चार हजारांना कबूल झाले. मी पदर तोंडाला लावून उभी होते. बोलले असते तर दोन हजारांत झाड गेलं असतं. नवऱ्याला शब्दाचा अर्थ सांगण्याची एक वेळ असते आणि ती ही नव्हती.

दुसऱ्या दिवशी चाचांनी झाडाची चांगली हजामत केली. ह्यांनी खुर्ची टाकून सगळं पाहिलं. शेवटी कापलेल्या टोकांना चाचा शेणमाती लावायला लागले, तशी ह्यांनी मला हाक मारली. "बघ, केशर बांधायलेत."

"हो, दिसायलंय की," मी म्हणाले.

मग हे गल्लीभर सांगत सुटले. शेजारच्या निवृत्त सरांना तर त्यांनी आंब्यांची पहिली पाटी तुमची म्हणून वचनच देऊन टाकलं. टाकीत पानं पडेनात, त्यामुळे घरातला आरडाओरडाही बंद झाला.

दोन वर्षांनी झाड खरोखर आंब्यांनी लदलं. ह्यांनी स्वतः आंबे पिकवायला अढी घातली, रोज वाकून वास घेतला आणि सरांना बोलावून पहिला आंबा कापला. सरांनी फोड तोंडात घातली आणि त्यांचा एक डोळा मिटला. ह्यांनी खाल्ली, ह्यांचाही मिटला. आता कुऱ्हाड येते, असं मला वाटलं.

ह्यांनी फोन लावला. "चाचा, एकदा येऊन जा. जुनं झाड हाय, एका कलमाला ऐकंना गेलंय. पुन्हा कलम करू." पलीकडून चाचांनी पाच हजार सांगितले असावेत, कारण हे म्हणाले, "पाच तर पाच." हुज्जत नाही, काही नाही. मला हसू आवरेना आणि ह्या माणसाची भारी मायाही आली.

हे हात धुवायला आत गेले, तसे सर हळूच म्हणाले, "वहिनी, कलम म्हणजे काय ते ह्यांना अजून कळलं न्हाई का?"

मी चपापले. "तुमाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला न्हाईत ते?"

सरांनी दुसरी फोड उचलली. "ते झाड गेलं असतं, तर दुपारी सावलीला माझी खाट कुठं टाकली असती?"